डिझेलच्या टाकीत गोडेतेल : वाचकांच्या शंका

जुन्या डिझेल मोटारी वनस्पती तेलावर चालवण्याविषयीची पत्रे या सदराकडे अधूनमधून येतच असतात. त्यांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आशय सारखा असलेली पत्रे एकाच उत्तरात सामावली आहेत.

प्रश्न : माझी डिझेल मोटार सुमारे तीस वर्षांपूर्वीची आहे. डिझेल इंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवले गेले होते, असे मी वाचले. तसे असेल, तर डिझेलऐवजी सरळ खाद्यतेल टाकीत ओतले तर काय बिघडेल?

उत्तर : ही आख्यायिका अर्धीच खरी आहे. रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि त्यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चालले. शेंगदाणा तेलाचा प्रसंग त्यानंतरचा, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला आहे. तेथे ‘ऑटो’ नावाच्या कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले. त्यामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती, कारण आफ्रिकेतील वसाहतींत शेंगदाणा मुबलक पिकत होता आणि तेथे स्थानिक इंधनावर यंत्रे चालावीत असे सरकारला वाटत होते. ही हकिकत पुढे १९१२ मध्ये खुद्द डिझेल यांनीच सांगितली. इंजिन खनिज तेलासाठी बांधलेले होते, त्यात काहीही बदल केला नव्हता आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांच्या ही गोष्ट लक्षात आली, असे त्यांनी नमूद केले आहे.

या हकिकतीत एक तपशील बहुधा गाळला जातो. त्या काळच्या इंजिनांत इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने सिलिंडरमध्ये फुंकले जाई, त्यामुळे दाट तेलाचेही बारीक तुषार होत. आपल्या मोटारीत तो झोत नाही. तेथे पंप इंधनाला दाब देतो आणि इंजेक्टरच्या नोझलचे सूक्ष्म छिद्र त्याचे तुषार करते, आणि या साऱ्याची मापे डिझेलचा पातळपणा गृहीत धरून ठरवलेली असतात. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक्स (हे तिचे एकक) असते, तर शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाची ३० ते ४०. म्हणजे जवळजवळ दहापट दाट द्रव त्याच छिद्रातून ढकलायचा आहे. तुषार मोठे होतात, झोत लांबवर जातो आणि इंधनाचा काही भाग न जळताच सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतीवर आदळतो. वनस्पती तेलाची वाफही सहजी होत नाही. ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते, ते तापमान २०० अंशांच्या पुढे असते, तर डिझेलच्या बाबतीत ते ५५ अंशांच्या आसपास सुरू होते.

तेव्हा ‘काय बिघडेल’ याचे उत्तर असे की पहिल्या दिवशी काहीही बिघडणार नाही. हवा उबदार असेल तर गाडी सुरू होईल, चालेल, कदाचित इंजिनाचा आवाजही थोडा मऊ वाटेल. काही महिन्यांनी इंजेक्टर खोलून पाहिला, तर नोझलच्या छिद्राभोवती तुतारीच्या तोंडासारखा बाहेर पसरलेला, नखाने न निघणारा कडक कार्बन दिसेल. त्यातून फवारा सरळ न निघता तिरका निघतो, ज्वलन आणखी बिघडते, पिस्टनच्या खाचांत चिकट थर साचून रिंगा जाम होतात आणि न जळलेले तेल रिंगांवरून खाली, इंजिन ऑइलमध्ये उतरू लागते. इंजिन चालणे आणि इंजिन टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुढची बहुतेक उत्तरे या फरकाभोवतीच फिरतात.

प्रश्न : मग कोणती इंजिने हे तेल त्यातल्या त्यात सहन करतात?

उत्तर : दोन गोष्टी पाहाव्यात : इंधन नेमके कोठे फवारले जाते आणि पंप कोणत्या जातीचा आहे.

जुन्या मोटारींच्या बहुतेक डिझेल इंजिनांत इंधन थेट पिस्टनवर न फवारता सिलिंडर हेडमधील एका लहान कोठडीत फवारले जाते. ही कोठडी चांगलीच तापलेली असते, तेथे हवा जोराने घुसळते आणि नोझलचे छिद्रही एकच, तुलनेने मोठे असते. दाट इंधनाला ही रचना बरीच मानवते. याउलट जेथे इंधन थेट पिस्टनच्या वाटीत अनेक बारीक छिद्रांतून फवारले जाते, तेथे वर वर्णन केलेला कार्बन लवकर धरतो. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या) वर जातो आणि भागांमधील फटी अत्यंत बारीक असतात. त्यांत वनस्पती तेल घालण्याचा विचारही करू नये. धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर असलेल्या गाड्यांनाही हाच नियम लावावा.

पंपाचे म्हणाल, तर सरळ रांगेत प्लंजर असलेला जुना पंप सर्वांत दणकट. १९७० आणि ८० च्या दशकांतील मर्सिडीझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन वनस्पती तेलावर गाडी चालवणाऱ्या मंडळींत इतके लोकप्रिय झाले, त्यामागे वर सांगितलेली तापलेली कोठडी आणि इंजिन ऑइलवर वंगण मिळणारा असा पंप, ही जोडी होती. रोटरी पंपाला मात्र इंधनच वंगण पुरवते आणि त्याचे भाग नाजूक असतात. थंडीच्या सकाळी गोठत आलेले तेल अशा पंपात ओढले गेले, तर आतला भाग तुटू शकतो, आणि मग गाडी टो करूनच न्यावी लागते. आपल्या गाडीत कोणता पंप आहे हे ठाऊक नसेल, तर तेल विकत घेण्याआधी ते एखाद्या जाणत्या पंप-कारागिराकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : दोन टाक्यांची जोडणी करावी की तेलाचे बायोडिझेल करून वापरावे? दोन्हींचे समर्थक तितक्याच ठामपणे बोलतात.

उत्तर : दोन्ही मार्ग दाटपणाच्याच प्रश्नावर आहेत. एक तेल तापवून पातळ करतो, दुसरा तेलाचा रेणूच बदलतो.

दोन टाक्यांच्या जोडणीत एका टाकीत डिझेल आणि दुसरीत वनस्पती तेल असते. गाडी डिझेलवर सुरू करायची. रेडिएटरचे गरम पाणी एका हीट एक्सचेंजरमधून फिरवून तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवायचे आणि मग झडप फिरवून तेलावर जायचे. इतक्या तापमानाला तेलाची स्निग्धता दहा-बारा सेंटिस्टोक्सच्या घरात येते. डिझेलइतके पातळ ते तेव्हाही होत नाही, पण जुना पंप आणि जुने नोझल निभावून नेतात. खरी शिस्त गाडी बंद करताना लागते. मुक्कामाच्या काही मिनिटे आधी पुन्हा डिझेलवर येऊन पंप आणि इंजेक्टरमधले सर्व तेल निघून जाऊ द्यावे लागते, नाहीतर ते तेथेच थंड होऊन बसते. दररोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला ही जोडणी निरुपयोगी आहे, कारण इंजिन तापून झडप फिरवेपर्यंत त्याचे ठिकाण आलेले असते. लांब पल्ल्याचा प्रवास नियमित असेल आणि गाडी एकाच चालकाच्या हाती असेल, तरच या वाटेने जावे. ‘एकाच चालकाच्या’ हे मुद्दाम लिहिले आहे. घरातले दुसरे कोणी गाडी घेऊन गेले की झडप विसरली जाते, हा माझ्या स्वतःच्या घरचा अनुभव आहे.

बायोडिझेलची गोष्ट वेगळी. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने तो कणा काढून टाकला, की मेदाम्लांचे सुटे एस्टर उरतात आणि त्यांची स्निग्धता ४ ते ५ सेंटिस्टोक्सपर्यंत खाली येते. ही कल्पनाही जुनीच आहे : १९३७ मध्ये ब्रुसेल्सच्या शावान यांनी अशा रूपांतराचे पेटंट घेतले होते. साधारण १०० लिटर तेलाला २० लिटर मिथेनॉल लागते, क्रिया ५५ ते ६० अंशांना चालते आणि शेवटी तळाशी तपकिरी ग्लिसरीन उतरते. कागदावर हे स्वयंपाकाइतके सोपे दिसते. प्रत्यक्षात मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. राहत्या घरात, उघड्या शेगडीजवळ हा उद्योग कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रमाणित बायोडिझेल तयार मिळत असेल तर तेच घ्यावे.

घरचे असो वा कोणी ओळखीच्याने दिलेले असो, बायोडिझेल पूर्ण झाले आहे का हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. पारदर्शक बाटलीत २७ मिलिलिटर मिथेनॉल घ्यावे, त्यात ३ मिलिलिटर बायोडिझेल घालून हलवावे आणि खोलीच्या तापमानाला काही मिनिटे ठेवावे. मिश्रण नितळ राहिले तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला, तर न बदललेले तेल शिल्लक आहे. (हातमोजे घालावेत आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.) जुन्या गाडीत बायोडिझेल प्रथमच घालताना आणखी दोन गोष्टी होतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा साका सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून एक-दोन फिल्टर जवळ ठेवावेत. शिवाय नैसर्गिक रबराच्या आणि काही नायट्राइल रबराच्या नळ्या फुगतात किंवा मऊ पडतात. त्या आधीच बदलून व्हिटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) घ्याव्यात.

प्रश्न : तळणीचे वापरलेले तेल गाळून थेट वापरता येते का?

उत्तर : गाळणे हा त्यातला सोपा भाग आहे. घातक असते ते पाणी, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तळलेल्या पदार्थांतून तेलात उतरलेले पाणी पंपाला गंज चढवते. ते आहे की नाही हे पाहायला एक लहान कढई पुरते. कोरडी कढई चांगली तापवून तिच्यात चमचाभर तेल सोडावे आणि चेहरा दूर ठेवून कान द्यावा. तेल मुकाट पसरले तर ते कोरडे आहे. कडेने बारीक बुडबुडे फुटून तडतड ऐकू आली, तर पाणी आहे. तडतडणारे तेल सौम्य उष्णता देऊन काही दिवस स्थिर ठेवावे आणि तळाचा भाग तळाशीच राहू द्यावा. शेवटचा चांगला लिटर मिळवण्याच्या मोहात ड्रम वाकडा करणाऱ्यांनीच सर्वाधिक फिल्टर तुंबवले आहेत.

त्यानंतर टप्प्याटप्प्याने पाच मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शक्य असल्यास त्याखाली गाळावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात. ती धातूला खातात आणि बायोडिझेल करताना साबण बनवतात. खवट वास येणारे, काळपट, बोटाला चिकटणारे तेल फुकट मिळाले तरी घेऊ नये. साठवणीत तांब्याची नळी किंवा भांडे टाळावे, कारण तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खराब होते.

तेलाच्या जातीनेही फरक पडतो. जवसाचे तेल रंगात वापरतात ते हवेत सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो म्हणून. नेमका हाच गुण इंजिनात नको असतो. सूर्यफूल आणि सोयाबीन त्या मानाने बरे, रेपसीडचे (मोहरीच्या जातीच्या बियांचे) आणखी बरे. खोबरेल आणि पाम तेल सुकत नाहीत, पण खोबरेल २४-२५ अंशांनाच थिजते, त्यामुळे थंडीत ते नळीत मेणासारखे बसते.

प्रश्न : निम्मे डिझेल आणि निम्मे खाद्यतेल मिसळले, किंवा तेल पातळ करायला थोडे पेट्रोल घातले, तर?

उत्तर : डिझेल मिसळल्याने दाटपणा कमी होतो, पण तेलाचा चिकट पापुद्रा धरण्याचा स्वभाव तसाच राहतो, नुकसान टळत नाही, लांबते. पेट्रोल मिसळू नये. थोड्याशा पेट्रोलनेही मिश्रण सहज पेट घेणारे होते आणि डिझेलसाठी बांधलेली टाकी व नळ्या त्या धोक्यासाठी केलेल्या नसतात.

प्रश्न : तेलावर गाडीची सरासरी, म्हणजे लिटरमागचे अंतर, कमी पडते का?

उत्तर : थोडी. वजनावर पाहिले तर वनस्पती तेलात ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे एक-अष्टमांश कमी असते, पण तेल जड असल्याने लिटरमागे फरक पाचेक टक्क्यांवर येतो. बऱ्याच देशांत रस्त्यावरील वाहनात वापरलेल्या कोणत्याही इंधनावर कर असतो, तेवढे आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावे. हिशेब त्याने अधिक बदलतो.

प्रश्न : मी दोन वर्षे न तापवलेल्या खाद्यतेलावर गाडी चालवत आहे आणि काहीही त्रास झालेला नाही. तरीही आपण या सदरातून लोकांना घाबरवता ते का?

उत्तर : आपण धूर आणि उचल पाहत आहात, आपल्याला इंजिन ऑइल पाहण्याची विनंती आहे. रिंगांवरून खाली उतरलेल्या डिझेलचा काही भाग गरम इंजिनात उडून जातो. वनस्पती तेल उडत नाही, ते इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या कुंडात साठत राहते. उष्णता, हवा आणि धातूचे कण यांच्या संगतीत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. सुरुवातीला ऑइल जरा दाट वाटते आणि ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. मालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही. पुढे ते जेलीसारखे होते, पंपाच्या जाळीवर बसते आणि बेअरिंगपर्यंत वंगण पोहोचत नाही. हा शेवटचा टप्पा दोन-तीन दिवसांतही येऊ शकतो, त्याआधीची दोन वर्षे निर्वेध गेलेली असली तरी.

म्हणून ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदलावे. दर आठवड्याला पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवावा. डाग मऊ कडांनी पसरला तर ऑइल अजून काम करत आहे. मध्ये गडद, जाड ठिपका राहून भोवती तेलकट कडे उमटले, तर त्याच दिवशी ऑइल बदलावे. आणि पुढच्या वेळी काढलेला ऑइल फिल्टर फेकून न देता कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. घड्यांमध्ये डिंकासारखे काही बोटाला लागले, तर खाद्यतेल त्याच दिवशी थांबवून इंजेक्टर तपासायला द्यावेत.