दुसऱ्या पाळीची मेझी

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला असा विनोदी सिनेमा सांगा, ज्यात नायिका स्टेजवर नाचणारी, तोंडाने फटकळ असेल आणि तोफा-रणगाडे नसतील.

एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा ‘स्विंग शिफ्ट मेझी’ (१९४३) बघा. स्विंग शिफ्ट म्हणजे आपली दुसरी पाळी. माझे बाबा पिंपरीला कारखान्यात होते. त्यांची ‘सेकंड’ असली की रात्री बाराला ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज यायचा. म्हणून नाव वाचूनच मी सिनेमा लावला, खोटं कशाला बोलू! इंग्लंडात तो ‘द गर्ल इन ओव्हरऑल्स’ या नावाने लागला होता.

मेझी रेव्हियर ही ब्रुकलिनची शोगर्ल. खिशात दमडी नाही, पण ऐकून घेणं माहीत नाही. ती विमानाच्या कारखान्यात लागते आणि चमचमते कपडे जाऊन अंगावर बॉयलर सूट येतो. हे नुसतं गमतीपुरतं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत लाखो बायका विमानं जोडत होत्या. यंत्रात केस अडकायची इतकी भीती, की डोळ्यावर बट सोडणाऱ्या व्हेरोनिका लेक या नटीला सरकारच्या सांगण्यावरून केस मागे बांधावे लागले, कारण कामगार बायका तिच्यासारखे केस ठेवायच्या!

मेझी जीव द्यायला निघालेल्या आयरिसला वाचवते, घरी आणून ठेवते. ही बया मेझीचं ज्याच्यावर प्रेम आहे त्याच वैमानिकाला गटवते आणि वर मेझीवर घातपाताचा आळ आणते. गोष्ट एवढीच. कारखान्याची आरतीही मधूनमधून ओवाळलेली आहे, ते युद्धकाळ म्हणून सोडून द्या. वैमानिक झालेला नायक जेम्स क्रेग मला बेताचाच वाटला. स्टुडिओचा मोठा नट क्लार्क गेबल सैन्यात गेल्यावर त्याच्या धर्तीचा म्हणून स्टुडिओने याला पुढे आणलं होतं.

सगळा भार मेझी झालेल्या अ‍ॅन सदर्नवर आहे. ती विनोद करतेय असं वाटतच नाही. एखादी बाई भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी सरळ बोलत जाते आणि आपण हसतो. खरं तर ही भूमिका आधी जीन हार्लो या नटीसाठी ठरली होती, पण १९३७ मध्ये ती गेली. मग १९३९ ते १९४७ या काळात सदर्नने मेझीचे दहा सिनेमे केले, हा सातवा. आधीचे बघितले नसतील तरी काही अडत नाही.

ती आवडली तर ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ (१९८७) पण बघा. त्यात ती म्हातारी शेजारीण झालीय. त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आयुष्यातलं एकमेव.