फौजी काकांना विचारा : सोसायटीतले 'मेजर साहेब' खरे की तोतया?

(लेखक तोफखान्यातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालेत आणि नाशिकरोडला माजी सैनिकांना कागदपत्रांच्या कामात मदत करतात. या महिन्यात वाचकांच्या बऱ्याच प्रश्नांचा विषय एकच होता, म्हणून ते एकत्र घेतलेत.)

प्रश्न : काका, आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एक गृहस्थ राहायला आलेत, वय पासष्टच्या आसपास, सगळे त्यांना मेजर साहेब म्हणतात. कारगिलला द्रासमध्ये होतो, वीर चक्र मिळालं असं सांगतात. पंधरा ऑगस्टला ब्लेझरवर मेडल लावून येतात आणि झेंडा त्यांच्याच हातून फडकतो. माझे मामा फौजेत होते, त्यांनी सहज युनिट विचारलं तर म्हणाले सिक्रेट आहे, सांगता येत नाही. मेडल बघून पण मामा म्हणाले काहीतरी गडबड आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? आणि अमेरिकेत म्हणे यासाठी वेगळा कायदा आहे, आपल्याकडे काय आहे?

उत्तर : ताई, ग्रुपवर आत्ता एक अक्षर टाकू नका, आधी खात्री करा, आणि ती करणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाहीये.

युनिट सिक्रेट आहे म्हटलं की माझे तर कानच टवकारतात. ऑपरेशनमध्ये काय झालं ते फौजी सांगणार नाही, बरोबर आहे, पण रेजिमेंटचं नाव तो न विचारता सांगतो, ट्रेनिंग सेंटर कुठलं, तिथला उस्ताद कसा रगडायचा हे सगळं चहा गार होईपर्यंत सांगत बसतो. पेन्शन घेणाऱ्या माणसाची रेजिमेंट कसली सिक्रेट हो? आणि तोतया माणूस कधी म्हणत नाही की मी एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक विभागात, ड्रायव्हर होतो किंवा लंगरात होतो. तो कमांडोच असतो नाहीतर थेट रॉमध्ये.

आता वीर चक्र. शौर्य पदकं कुणाला मिळाली ते सरकार जाहीर करतं, गॅझेटमध्ये येतं, आणि संरक्षण मंत्रालयाची गॅलंट्री अवॉर्ड्स नावाची वेबसाईट आहे तिथे नाव टाकून बघता येतं. परमवीर चक्र तर आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातले १४ मरणोत्तर. वीर चक्रवाले संख्येने बरेच जास्त आहेत, पण बक्षीस मिळालं आणि सरकारदरबारी नोंदच नाही असं होत नसतं. तुमचं निम्मं काम इथेच होईल.

मामांना मेडलमध्ये काय खटकलं असेल त्याचा अंदाज सांगतो. मेडलं डाव्या छातीवर एका ओळीत लावतात आणि शौर्याचं मेडल सगळ्यात आधी, म्हणजे ब्लेझरच्या बटनांच्या बाजूला येतं. वीर चक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते. हे मेडल ओळीच्या मध्ये कुठेतरी लटकत असेल तर फौजी माणसाच्या ते लगेच डोळ्यात भरतं. द्रासमध्ये लढलेल्या माणसाकडे ऑपरेशन विजय स्टार पण असायला हवा, नुसतं ऑपरेशन विजय मेडल हे त्या काळात तैनातीत असलेल्या पण प्रत्यक्ष लढाईच्या भागात नसलेल्यांनाही मिळालंय. मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. पण थांबा, कोरी कड दिसली म्हणून लगेच खोटा ठरवू नका, कारण खरी मेडलं घरी कपाटात जपून ठेवायची आणि कार्यक्रमाला डुप्लिकेट सेट लावायचा हे आमच्यातले बरेच जण करतात. आणि उजव्या छातीवर मेडलं दिसली तर ती बहुतेक वडिलांची किंवा नवऱ्याची असतात, गेलेल्या माणसाची मेडलं घरच्यांनी तशी लावायची पद्धत आहे, त्यांना आदराने नमस्कार करा.

एवढं करूनही शंका राहिली तर चेअरमन आणि एखादा माजी सैनिक, दोघांनीच त्यांच्या घरी जावं. चहा घेता घेता सांगावं, साहेब, पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत तुमचा परिचय छापायचाय, तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) किंवा रिलीज ऑर्डर आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र जरा दाखवता का. जवान असेल तर त्याच्याकडे डिस्चार्ज बुक असतं. खरा फौजी चिडेल कदाचित, पण कागद आणून समोर ठेवेल. ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं, त्यामुळे कार्डाबद्दल शंका आली तर सोसायटीच्या लेटरहेडवर तिथे लेखी विचारा. माहिती अधिकारात कुणाचं सर्व्हिस रेकॉर्ड मागायला जाऊ नका, खासगी माहिती म्हणून सहसा नाकारतात.

एक शक्यता अजून सांगतो कारण ती मी प्रत्यक्ष पाहिलीये. माणूस फौजेत खरंच असतो, सतरा वर्षं नोकरी करून नाईक किंवा हवालदार म्हणून घरी येतो, आणि मग कुणीतरी साहेब म्हणतं, कुणीतरी मेजर म्हणतं आणि हा नाही म्हणत नाही, हळूहळू कारगिल पण जोडलं जातं. अशा माणसाला चारचौघांत उघडं पाडू नका. त्याची नोकरी खरी आहे, तिचा मान त्याला मिळालाच पाहिजे, फक्त मेजर आणि वीर चक्र यापुढे नको हे त्याला एकट्याला स्पष्ट सांगा.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत २००६ मध्ये कायदा झाला होता, मेडल मिळालं असं नुसतं खोटं बोललं तरी गुन्हा. कॅलिफोर्नियात पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेल्या एका सदस्याने मीटिंगमध्ये आपल्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालंय असं ठोकून दिलं, केस तिथल्या सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये कोर्टाने तो कायदाच रद्द केला, नुसतं खोटं बोलणंसुद्धा भाषणस्वातंत्र्यात येतं म्हणून. मग २०१३ मध्ये त्यांनी नवीन कायदा केला, खोट्या मेडलच्या जोरावर पैसा किंवा काही फायदा उपटायचा हेतू असेल तर गुन्हा. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे, आधी आयपीसीत ते १४० होतं. सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून तो गणवेश किंवा तसली खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे उकळले असतील तर फसवणुकीचं कलम ३१८ लागतं, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून ताई, हे गृहस्थ कुणाकडून वर्गणी, उधारी, भरतीचे पैसे घेतायत का ते नीट बघा. घेत असतील तर चहाबिहा काही नाही, सरळ पोलीस स्टेशन.

मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. आपल्याच गावात नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये पोरं घाम गाळतात, द्रासच्या ५१४० शिखराला २०२२ मध्ये गन हिल नाव दिलं ते तोफखान्याच्या कामगिरीसाठी. आणि ध्वजवंदनाला एखादी वीरपत्नी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असते आणि हार भलत्याच्याच गळ्यात. पुढच्या वेळी झेंड्याची दोरी तिच्या हातात द्या.

प्रश्न : पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, ऑनलाईन जाहिरात टाकली. देवळालीला पोस्टिंग झालेल्या जवानाचा फोन आला, न बघताच डिपॉझिट द्यायला तयार, आर्मीचं आयकार्ड आणि कॅन्टीन कार्डचे फोटो पण पाठवले. आता क्यूआर कोड पाठवलाय, म्हणतो स्कॅन करा, आर्मीच्या अकाऊंटमधून पैसे येतील. करू का?

उत्तर : अजिबात नको दादा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन पण टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. आर्मीचं असलं कुठलंही अकाऊंट नसतं जिथून जवानाच्या घराचं डिपॉझिट येतं. पोस्टिंगवर आलेला माणूस स्वतः येऊन घर बघेल, निदान युनिटमधल्या कुणाला तरी पाठवेल. पैसे गेलेच असतील तर उठून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. आणि कृपा करून ते आयकार्ड 'हा चोर आहे' म्हणून व्हायरल करू नका. फोटोतला जवान बहुतेक वेळा खरा असतो आणि त्याच्या कार्डाचा फोटो चोरून वापरलेला असतो, तो बिचारा कुठेतरी बॉर्डरवर ड्युटी करतोय आणि इथे त्याची बदनामी.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, आम्ही सिन्नर तालुक्यातले. एक जण स्वतःला रिटायर्ड कर्नल म्हणवतो, दोन लाखांत मेडिकलमधून काढून देतो म्हणतो. गावातल्या एकाचं काम झालं असं पण सांगतो. शेतीवर उचल घ्यावी का?

उत्तर : नाही वहिनी, एक रुपया देऊ नका. हे कसं चालतं ते ऐका. हा माणूस दहा पोरांकडून पैसे घेतो आणि काहीच करत नाही. त्यातली दोन-तीन पोरं स्वतःच्या मेहनतीवर निघतात, त्यांचे पैसे हा ठेवून घेतो आणि त्यांचंच नाव पुढच्यांना दाखवतो. बाकीच्यांना महिनोन्महिने फिरवतो. भरतीत आधी ऑनलाईन परीक्षा, मग मैदानावर १६०० मीटर धावणं, बीम (पुल-अप्स), मग मेडिकल, यात कुणा कर्नलच्या चिठ्ठीला जागाच नाही. अर्जाची जी काय फी असते ती जॉईन इंडियन आर्मीच्या वेबसाईटवर भरायची, हातात कुणाला काही द्यायचं नाही. मेडिकलमध्ये अनफिट केलं तरी अपील करून पुन्हा तपासणी मागता येते, त्याची पद्धत तिथेच लेखी सांगतात. त्या माणसाचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग सांभाळून ठेवा आणि मुलाला घेऊन पोलिसांकडे जा. मुलाचं नाव खराब होईल ही भीती तो मुद्दाम घालतो, तक्रार करणाऱ्याचं काही वाकडं होत नाही.

प्रश्न : माझे वडील देवळालीला एमईएसमध्ये (लष्कराचं बांधकाम-देखभाल खातं) सिव्हिलियन होते, भगूरमध्ये सगळे त्यांना फौजीच म्हणतात. आता पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर भाऊ 'माजी सैनिक' छापायचं म्हणतोय. चालेल का? आणि पुतण्या आर्मीच्या डिझाईनचा टी-शर्ट घालतो, तो गुन्हा आहे का?

उत्तर : गावाने प्रेमाने फौजी म्हटलं त्यात वडिलांचा काही दोष नाही, आणि एमईएसच्या माणसांशिवाय छावणीत दिवा लागत नाही की नळाला पाणी येत नाही. पण माजी सैनिक ही सरकारी व्याख्येतली गोष्ट आहे, त्यात सिव्हिलियन कर्मचारी येत नाहीत, अगदी सीआरपीएफ-बीएसएफमधून निवृत्त झालेले पण येत नाहीत कारण ते गृहखात्याकडे असतात, म्हणून ते काही खोटे ठरत नाहीत. टी-शर्टमागे सैनिक असल्याचं भासवायचा हेतू नसेल तर तो गुन्हा नाही, तरी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्कराने लोकांना कॉम्बॅट ड्रेससारखे कपडे घालू नका असं आवाहन केलं होतं ते पुतण्याला सांगा, आणि २०२२ ला आलेल्या नव्या डिजिटल पॅटर्नची तर लष्कराने नोंदणीच करून घेतलीये, तो बाहेरच्या दुकानात घेऊ नये. पत्रिकेवर 'संरक्षण खाते, एमईएस, देवळाली येथून निवृत्त' असं छापा, आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.