ठाण्याला आल्यावर मूल खोलीतून बाहेरच येत नाही, तेव्हा

सुट्टीत अमेरिकेहून घोडबंदर रोडला आजी-आजोबांकडे आलेलं 14-15 वर्षांचं मूल पाहुण्यांची बेल वाजली की दार लावून घेतं, हाक मारली की खेकसतं. ‘तिकडे राहून बिघडलं’ असा शिक्का मारायची घाई करू नका. हेच खेकसणं दोन अगदी वेगळ्या स्वभावांतून येतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

बुजऱ्या, मनाला लावून घेणाऱ्या मुलाला ‘मराठी विसरलास का रे?’ या प्रश्नाचीच धास्ती असते. दिसतो राग, आत असते भीती. उतावळ्या, हट्टी मुलाचा राग सरळ असतो: खेळ मध्येच का सोडायला लावला?

ओळखायला पहिला आठवडा धरू नका. उन्हाळ्यात अमेरिकेच्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ ते साडेबारा तासांचा फरक असतो. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. ती मोडली की कुठलंही मूल चिडतं. पुढचे 10 दिवस वहीत लिहा: वेळ, जवळ कोण होतं, लगेच आधी काय घडलं, नंतर काय झालं. नुसतं ‘चिडला’ नको. ‘आत्या आली, पाच मिनिटांत आत गेला, दार आपटलं, जेवायला आला नाही, कोणी बोलावलंही नाही’ असं लिहा. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि खरी मेख तिथेच असते. ओरडल्यावर पाहुण्यांसमोर बसणं टळत असेल, तर ओरडणं वाढणारच.

बुजऱ्याला कोण येणार ते सकाळीच सांगा. 15 मिनिटं बसायचं ठरवा, पाण्याचा ट्रे त्याच्या हाती द्या, मग खुशाल आत जाऊ द्या. त्याआधी मात्र सुटका नको. दोन-तीन भेटींनंतर पाच मिनिटं वाढवा. त्याला सगळ्यांदेखत रागावलात तर तो अधिकच मिटतो.

उतावळ्याला 10 मिनिटं आधी कल्पना द्या, एका वेळी एकच काम सांगा. शिक्षा छोटी आणि त्याच दिवशीची हवी. आई नाही म्हणाली आणि आजोबांनी हळूच फोन दिला, की केलेलं सगळं पाण्यात. आजोबांशी आधीच बोलून घ्या.

उदासी दोन आठवडे हटत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर थांबू नका. स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भारतात असताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून आहे. कुठेही जायचं झालं तरी भारतात आल्या आल्याच भेटीची वेळ घ्या. परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन भेटी तरी व्हायला हव्यात.