जुन्या टीव्ही गेममधले लपलेले बोनस कसे काढायचे? कॉन्ट्राचा ३० लाइफचा कोड लागत नाही, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. उदगीरला आजोळच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, सोबत मारिओ-कॉन्ट्रा असलेली पिवळी कॅसेट आणि मामेभावाचं पहिलं प्लेस्टेशन. कॉन्ट्राचा कोड टाकून दमलात, ३० लाइफ मिळत नाहीत. आणि असं आणखी काय काय दडलेलं आहे, तेही हवंय.

क्रम तुम्ही लिहिलाय तो बरोबर आहे: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघांना खेळायचं असेल तर ए दाबल्यावर एकदा सिलेक्ट आणि मग स्टार्ट. बाजूने सरकत येणारं गेमचं नाव जागेवर थांबलं की सुरू करायचं आणि डेमो आपोआप चालू व्हायच्या आत संपवायचं. सगळं पहिल्या रिमोटवरूनच, कारण दुसऱ्या रिमोटवर बऱ्याचदा स्टार्ट-सिलेक्ट नसतातच.

तुमची चूक मला क्रमात नाही, बटणांत दिसते. आपल्याकडे मिळणाऱ्या या चायना टीव्ही गेमच्या रिमोटवर उजवीकडे चार बटणं असतात: साधे ए-बी आणि टर्बो ए-बी. टर्बो दाबून धरलं की मशीनला ते बटण सेकंदाला कित्येकदा दाबल्यासारखं दिसतं. कोडला एकच बी आणि एकच ए लागतो. टर्बोने दोन-तीन गेले की सगळं वाया. वरची अक्षरं पुसली असतील तर मारिओ लावा आणि बटण दाबून धरा. एकदाच उडी मारून थांबला तर साधा ए, टुणटुणत राहिला तर टर्बो. दुसरं कारण म्हणजे दिशांच्या बटणाखालचं झिजलेलं काळं रबर. डावं दाबलं तरी मधूनच वरचंही लागतं आणि क्रम मोडतो. रिमोटचे स्क्रू काढून रबराचे काळे ठिपके आणि प्लेटवरच्या रेषा स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या की पुष्कळदा काम होतं.

कोड लागला का, हे वर डावीकडच्या पदकांवरून ओळखू नका. तिथे मोजकीच पदकं मावतात, त्यामुळे नेमकी किती लाइफ आहेत ते कळत नाही. स्टेज सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यावर 'रेस्ट' या शब्दासमोर २९ आकडा आला तर लागला.

हे सगळं करूनही जमलं नाही तर कॅसेटकडे बघा. मेनूमध्ये शेकडो, कधी हजारो गेम लिहिलेले असतात, पण खरे गेम थोडेच आणि बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. ती पुनरावृत्ती मात्र सगळीच फसवणूक नसते. गेम सुरू करताना मेनूच एखादा आकडा बदलून देतो: कुठे पुढची स्टेज, कुठे जास्त लाइफ, कुठे सुरुवातीलाच चांगली बंदूक. म्हणून कॉन्ट्रा नावाच्या प्रत्येक नोंदीत एकदा डोकावा. कोड न टाकताच ३० लाइफ देणारी नोंदही त्यात असू शकते.

लपलेल्या गोष्टी शोधताना मी एकच विचारतो: ही गेममध्ये आली कशी? त्यावरच ती कशी काढायची आणि का फसते हे ठरतं. कॉन्ट्राचा कोड मुळात खेळणाऱ्यांसाठी नव्हताच. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम घरगुती मशीनवर आणत होते. तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जायचा, म्हणून सगळी शस्त्रं एकदम मिळावीत यासाठी त्यांनी हा क्रम घातला आणि तो तसाच राहिला. ग्रेडियसमध्ये तो गेम पॉझ करून टाकायचा, स्टार्ट न दाबता. आणि सुपर निन्टेंडो या मशीनवरच्या ग्रेडियस ३ मध्ये हाच जुना क्रम टाकला तर तुमचंच विमान फुटतं! तिथे डाव्या-उजव्याच्या जागी खांद्यावरची एल आणि आर बटणं दाबायची. दुसऱ्या गेमचा कोड इथे का चालत नाही, याचं उत्तर यातच आहे.

सेगाच्या मशीनवरचा सॉनिक २ सुद्धा याच पहिल्या जातीचा, म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या कोडचा. ऑप्शनमधल्या साउंड टेस्टमध्ये १९, ६५, ०९, १७ हे आवाज क्रमाने वाजवायचे, मग नावाच्या पडद्यावर येऊन ए धरून स्टार्ट, की हवी ती लेव्हल निवडता येते. हे आकडे म्हणजे प्रोग्रामर युजी नाका यांची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५.

दुसरी जात चुकीतून जन्मलेल्या गोष्टींची, आणि त्यात मारिओच्या 'मायनस वर्ल्ड'ला तोड नाही. १-२ (पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल) च्या शेवटी बाहेर पडायच्या पाइपपर्यंत मोठा मारिओ घेऊन जा. पाइपवर उभं राहून वरच्या छताच्या विटा फोडायच्या, पण उजवीकडच्या भिंतीला चिकटलेली शेवटची वीट ठेवायची. आता पाइपच्या डाव्या कडेला, तोंड डावीकडे करून उभे राहा. खाली दाबून बसा, बसल्या बसल्या उडी मारा आणि वर जाताना उजवं दाबा. नेमकं जमलं तर मारिओ त्या विटेतून आणि भिंतीतून अलगद सरकत पलीकडच्या वॉर्प झोनमध्ये, म्हणजे थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणाऱ्या पाइपांच्या जागेत, पोचतो. पहिल्या झटक्यात कुणालाच जमत नाही, पंधरा-वीस वेळा करावं लागतं. पलीकडे गेल्यावर जास्त उजवीकडे पळू नका. वॉर्प झोनचं स्वागताचं वाक्य पडद्यावर यायच्या आत डावीकडच्या पहिल्या पाइपमध्ये उतरा.

ते वाक्य येतं तेव्हाच तीन पाइपांना २, ३, ४ हे खरे नंबर मिळतात. ते यायच्या आधी तिथे ४-२ मधल्या वॉर्प झोनसाठीची माहिती असते: मधल्याला ५ आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा. ही 'रिकामी जागा' चित्रांच्या यादीतला ३६ व्या क्रमांकाचा कोरा चौकोन आहे. मशीन त्यालाच वर्ल्डचा नंबर समजतं, म्हणून आपण जातो वर्ल्ड ३६-१ मध्ये आणि पडद्यावर दिसतं नुसतं -१. तिथे पाण्यातली लेव्हल येते, जी संपतच नाही. शेवटच्या पाइपमधून पुन्हा सुरुवातीला. मधल्या पाइपमध्ये उतरलात तर सरळ ५-१. जपानी डिस्कवरच्या मारिओमध्ये मात्र याच जागी वेगळ्या तीन लेव्हल येतात आणि त्या संपतातही.

मारिओमध्येच रोजच्या उपयोगाचं जे आहे ते याहून सोपं. गेम ओव्हर झाल्यावर नावाच्या पडद्यावर ए धरून स्टार्ट दाबा, त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो. इथेही साधा ए हवा, टर्बो 'धरलेला' मोजला जात नाही. मध्ये रिसेट दाबून कॅसेटच्या मेनूवर गेलात किंवा लाईट गेली तर ही सोय संपली, कारण हा आकडा कुठे साठवलेला नसतो. झेंड्याला हात लागताना वेळेचा शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असला तर तेवढेच फटाके उडतात, प्रत्येकी ५०० गुण. आणि ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून उतरणाऱ्या कासवावर नेमकी उडी मारून त्याचं कवच पायरीवर आपटत ठेवलं की लाइफ वाढत जातात. पण १०० च्या आसपास थांबा. १२७ च्या पुढे गेलं की मशीन तो आकडा उणे समजतं आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर.

बाकी कॅसेटमधलं पटकन सांगतो. टँकच्या गेममध्ये (बॅटल सिटी) स्टेजचा नंबर दिसतो त्या पडद्यावर ए-बी दाबून ३५ पैकी हवी ती स्टेज घ्या. रोड फायटरमध्ये बराच वेळ न धडकता गाडी चालवली की रस्त्याच्या कडेने एक उडता माणूस जातो आणि १००० गुण मिळतात. आपण त्याला सुपरमॅन म्हणायचो, तो कोनामी मॅन. डक हंटच्या पहिल्या प्रकारात, जिथे एकच बदक येतं, बंदूक एकाकडे आणि पहिला रिमोट दुसऱ्याकडे द्या. रिमोटने बदक हवं तिकडे उडवता येतं. ही बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही. तिला जुन्या डब्बा टीव्हीचाच झपकारा ओळखता येतो, त्यात बिघाड काही नाही.

तिसरी जात सहीची. अटारी कंपनी गेम बनवणाऱ्याचं नाव छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ॲडव्हेंचर या गेममध्ये एक गुप्त खोली बांधून तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. एक राखाडी, जेमतेम दिसणारा ठिपका उचलून नेल्याशिवाय त्या खोलीत जाता येत नाही. मला सगळ्या प्रकारांत हा सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात कुणाला काहीच मिळत नाही, फक्त हे कुणी केलं ते कळतं.

आता प्लेस्टेशन. इथे बोनस बहुतेक कमवायचे असतात, म्हणून मेमरी कार्ड नसेल तर सगळं व्यर्थ. मूळ कार्डात १५ ब्लॉक (गेमची प्रगती साठवायच्या जागा) असतात. टेकन ३ या मारामारीच्या गेममध्ये वेगवेगळ्या खेळाडूंनी आर्केड मोड पूर्ण करत गेलं की दर वेळी एक नवा उघडतो: कुमा, ज्युलिया, गन जॅक, मोकुजिन, ॲना, ब्रायन आणि पुढे. डॉक्टर बॉस्कोनोविच हवा असेल तर टेकन फोर्स मोड चार वेळा पूर्ण करावा लागतो; चौथ्यांदा तो स्वतः समोर येतो, त्याला हरवायचं. कार्ड न लावलेल्या मशीनवर रोज सकाळी हे सगळे पुन्हा कुलपात जातात.

मेटल गिअर सॉलिडमध्ये तर बोनस खोक्यावरच आहे. मेरिल या गेममधल्या पात्राचा रेडिओ नंबर 'सीडीच्या खोक्याच्या मागे बघ' असं गेम सांगतो, आणि लोक गेमच्या आतली डिस्क तपासत बसतात. तो नंबर खऱ्या खोक्याच्या मागच्या चित्रात छापलाय: १४०.१५. नुसत्या पातळ पाकिटातली सीडी असेल तर हा आकडा हाताने फिरवून लावा. पुढे सायको मँटिस हा मन वाचणारा शत्रू तुमचं मेमरी कार्ड वाचून कोनामीचे इतर कोणते गेम खेळलात ते सांगतो आणि तुमची प्रत्येक चाल ओळखतो. रिमोट काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, मग त्याला काही ओळखता येत नाही.

चालू करण्याआधी एवढं करा. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कान साफ करायच्या काडीने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. माळ्यावरची धूळ असेल तर दोन-तीन काड्या काळ्या होतील. मशीन चालू असताना कॅसेट बदलून मारिओच्या विचित्र लेव्हल काढायची एक युक्ती सांगितली जाते, ती करू नका. या स्वस्त कॅसेटमधली चिप काळ्या गोळ्याखाली असते, एकदा गेली की दुरुस्त होत नाही. प्लेस्टेशन गादीवर न ठेवता फरशीवर ठेवा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेन्सच्या शेजारीच पॉवर सप्लाय असल्याने उष्णतेने प्लास्टिकची पट्टी झिजते आणि सीडी अडकते, आपल्या मे महिन्यात तर लवकरच. अडकायला लागलं तर मशीन उलटं ठेवून बघा. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उलटी ठेवलेली मशीन दिसायची ती याचसाठी.

अजूनही कॉन्ट्रा जमला नाही तर कॅसेटच्या मेनूच्या पहिल्या दोन पानांचा आणि रिमोटचा फोटो टाका.