वाचकांचे प्रश्न: नव्वद पॉइंटवाले घरी आणि शहात्तरवाले प्रीमियर लीगमध्ये, हा कुठला न्याय?

या वेळच्या पत्रांत क्रिकेट जवळजवळ नाहीच, क्रिकेटवाल्यांनी रागावू नये. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रमोशन प्लेऑफवर (दुसऱ्या डिव्हिजनचे, म्हणजे चॅम्पियनशिपचे, पहिले दोन सरळ वर प्रीमियर लीगमध्ये जातात, तिसऱ्या जागेसाठी त्यांच्या खालच्यांत सेमी आणि फायनल होते) इतकी पत्रं आलीत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. सगळीच घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

"भाऊ, २०२५ ची संडरलँड आणि शेफील्ड युनायटेडची फायनल आम्ही मित्रमंडळींनी एकत्र बसून बघितली आणि तेव्हापासून भांडतोय. शेफील्डचे ९० पॉइंट, संडरलँडचे ७६. ४६ मॅच खेळून १४ पॉइंट मागे असलेली टीम एका संध्याकाळीत वर जाते, मग वर्षभर लीग खेळायची कशाला?" (एक वाचक, म्हापसा)

भांडत राहा, कारण हा न्याय नाहीच, आणि तिकडचे लोक पण तसा दावा करत नाहीत. त्या मोसमात लीड्स आणि बर्नली दोघांचे शंभर शंभर पॉइंट झाले, ते सरळ वर गेले. तिसरी शेफील्ड, त्यांचे खरं तर ९२ व्हायचे पण दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून दोन कापले. संडरलँड चौथी, आणि ती पण कशी, तर शेवटच्या पाचच्या पाच लीग मॅच हरून आलेली. सेमीफायनलला कोव्हेंट्रीविरुद्ध १२२ व्या मिनिटाला डॅन बॅलर्डचं हेडर आत गेलं म्हणून वाचले, नाहीतर मामला पेनल्टीवर जात होता. शेफील्डने तोवर ब्रिस्टल सिटीला दोन मॅच मिळून ६-० ने धुऊन काढलेलं.

वेम्बलीवर पण पहिला तास शेफील्डचाच. टायरीस कॅम्पबेलने २५ व्या मिनिटाला गोल केला, मग थोड्या वेळाने हॅरिसन बरोजने दुसरा मारला, आणि तिथे व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, आडवा आला, किपरच्या नजरेसमोर शेफील्डचाच माणूस ऑफसाइड उभा होता म्हणून गोल रद्द. यातली गंमत बघा, चॅम्पियनशिपच्या ४६ मॅचमध्ये व्हीएआर नाही, आणि सगळ्यात महागड्या मॅचला मात्र तो हजर! तो गोल टिकला असता तर २-० आणि बहुतेक खेळ खल्लास. मग ७६ व्या मिनिटाला संडरलँडच्या मायेंडाने बरोबरी केली आणि ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसनने, १९ वर्षांचा पोरगा, संडरलँडच्याच अॅकॅडमीतला, बॉक्सच्या बाहेरून कोपऱ्यात घातला. त्याचं ब्राइटनला जायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणजे क्लबसाठीची शेवटची मॅच, त्यात हा गोल, आणि ज्या प्रीमियर लीगमध्ये क्लबला नेलं तिथे हा स्वतः दुसऱ्याच शर्टात जाणार.

आता तुमचा खरा प्रश्न. प्लेऑफ आली १९८६-८७ च्या मोसमात, त्याआधी वरचे तीन सरळ प्रमोट व्हायचे. तेव्हा काय व्हायचं तर मार्च उजाडला की टेबलच्या मधल्या आठदहा टीमना ना वर जायची आशा ना खाली जायची भीती, उरलेल्या मॅच नुसत्या उरकायच्या. पुढे सहाव्या नंबरपर्यंत दार उघडलं तेव्हा अकराव्या नंबरवालासुद्धा एप्रिलपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसायला लागला. म्हणजे तिसऱ्या नंबरवाल्याचा हक्क काढून तो चौघांना वाटला, आणि त्या बदल्यात निम्म्या लीगचा मोसम जिवंत ठेवलाय. माझं विचाराल तर सौदा बरा आहे. शेफील्डवाल्याला विचारू नका, त्यांनी प्लेऑफ कितीतरी वेळा खेळली आणि एकदाही त्यातून वर गेले नाहीत.

आणि आपण गोंयकारांनी तर हे भोगलंय की. २०१९-२० ला एफसी गोवा आयएसएलच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, टेबलात पहिली, शिल्ड आपली, आणि नंतर सेमीत चेन्नईयनने तिकडे ४-१ मारलं, आपण फातोर्ड्याला ४-२ जिंकलो तरी एकूण ६-५ ने बाहेर. फरक एवढाच की आपल्याला शिल्ड तरी हातात मिळाली आणि त्या जोरावर २०२१ ला एएफसी चॅम्पियन्स लीगचा ग्रुप खेळायला मिळाला, भारतातल्या पहिल्याच क्लबला. तिकडे तिसऱ्या नंबरला काही म्हणजे काहीच नाही.

"जगातली सगळ्यात महाग मॅच असं कॉमेंट्रीत सारखं म्हणतात. कप तर एवढासा. पैसे नक्की येतात कुठून?" (कॉलेज विद्यार्थिनी, फोंडा)

कपासाठी कुणी खेळत नाही गं, कप नंतर कपाटात जातो. पैसा टीव्ही हक्कांचा. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरवर आलात तरी एका मोसमात १०० मिलियन पौंडच्या आसपास हातात पडतात. आणि लगेच खाली उतरलात तरी पुढे दोन वर्षं 'पॅराशूट पेमेंट' चालू राहतं, त्याआधी वर जास्त टिकला असाल तर तीन वर्षं. हे सगळं धरून त्या २०२५ च्या फायनलची किंमत २०० मिलियन पौंडच्या घरात लावत होते, आपल्या रुपयांत दोन हजार कोटींच्या वर. नव्वद मिनिटांसाठी.

पण पैसा आला म्हणजे क्लब तरला असं नाही, ल्यूटन बघ. २००८-०९ ला ३० पॉइंट कापून घेऊन पाचव्या डिव्हिजनला गेलेला क्लब, पाच वर्षं तिथेच सडला, मग चढत चढत २०२३ ला वेम्बलीवर कोव्हेंट्रीला पेनल्टीवर ६-५ हरवून थेट प्रीमियर लीगमध्ये. त्यांचा कप्तान टॉम लॉकयर त्या मॅचमध्ये मैदानावरच कोसळला, त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं, बाकीचे तसेच खेळले. पेली मपान्झू पाचव्या डिव्हिजनपासून त्याच क्लबच्या शर्टात पार वरपर्यंत आला. आणि ग्राउंड असं की पाहुण्या टीमचे प्रेक्षक लोकांच्या घरांच्या रांगेतून आत शिरतात, खालून जिना, वर कुणाच्या तरी परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात. एक वर्ष टिकले. २०२४ ला खाली, २०२५ ला आणखी एक डिव्हिजन खाली. पॅराशूट होतं तरी!

"मी निवृत्त शिक्षक, पेनल्टी शूटआउट मला बघवत नाही, उठून व्हरांड्यात जातो. प्लेऑफ फायनलमधलं सगळ्यात क्रूर शूटआउट कुठलं?" (डिचोली)

गुरुजी, १९९८. चार्ल्टन आणि संडरलँड, ४-४ सुटली. बघायला मिळाली तर पहिली १२० मिनिटं तरी बघाच, मग खुशाल व्हरांड्यात जा.

चार्ल्टनचा क्लाइव्ह मेंडोंका हा संडरलँडचाच, तिथेच वाढलेला, लहानपणापासून त्याच क्लबचा भक्त, आणि त्याने त्या दिवशी आपल्याच गावाच्या टीमविरुद्ध हॅटट्रिक मारली. (मेंडोंका नाव वाचून आमच्या एका सहकाऱ्याने सासष्टीशी नातं जुळवायला घेतलं होतं, त्याला थांबवलंय.) संडरलँड ३-२ ने पुढे असताना ८५ व्या मिनिटाला रिचर्ड रुफसने कॉर्नरवर डोकं घातलं, डिफेंडर माणूस, क्लबसाठी आयुष्यातला पहिला गोल आणि तो वेम्बलीवर. एक्स्ट्रा टाइमला परत संडरलँड पुढे, परत मेंडोंकाची बरोबरी. शूटआउटला सलग तेरा पेनल्टी आत. तेरा! चौदावी घ्यायला आला मायकल ग्रे, संडरलँडचा लेफ्ट बॅक, तोही त्याच गावचा. हळू मारली, चार्ल्टनचा किपर इलिचने अडवली, संपलं. म्हणजे एकाच गावची दोन पोरं, एकाने हॅटट्रिक मारून गावाला बुडवलं आणि दुसऱ्याने गावासाठी मारताना चुकवली, असं नाटक दशावतारात घातलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा अती झालं.

त्याच मॅचमध्ये संडरलँडकडून गोल केलेला केविन फिलिप्स पंधरा वर्षांनी, ३९ वर्षांचा असताना, क्रिस्टल पॅलेसकडून वॉटफर्डविरुद्धच्या फायनलला बदली म्हणून उतरला आणि एक्स्ट्रा टाइमच्या पेनल्टीवर १-० ने जिंकून दिली. तेव्हा सगळंच क्रूर असतं असंही नाही.

"मोठे क्लब कधी प्लेऑफमुळे खाली गेलेत का?" (वास्कोहून दोघांनी विचारलंय)

चेल्सी. १९८८. सुरुवातीला वरच्या डिव्हिजनच्या तळातली एक टीम पण प्लेऑफमध्ये ओढायचे, चेल्सी मिडल्सबरोकडून हरली आणि खाली गेली. तुमच्या ऑफिसात चेल्सीवाले असतील तर ही माहिती जपून वापरा.

"आपल्याकडे अशी प्लेऑफ का नाही? चर्चिल ब्रदर्सचं २०२५ ला जे झालं त्यानंतर मी तर फुटबॉल बघणंच सोडलंय." (एक वाचक, मडगाव)

सोडू नका हो. पण राग समजतो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २०२४-२५ ची आय-लीग (आयएसएलच्या खालची) संपली तेव्हा टेबलात आपलं गोव्याचं चर्चिल वर, इंटर काशी एका पॉइंटने मागे, पण इंटर काशीच्या मॅचमधले अपात्र खेळाडूचे आणि रजिस्ट्रेशनचे वाद लटकलेलेच होते. एक समिती म्हणाली पॉइंट द्या, दुसरी म्हणाली देऊ नका, चर्चिलला चॅम्पियन जाहीर करून ट्रॉफीही दिली, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला चॅम्पियन ठरवलं. आयएसएलला जायचं दार पण त्यांच्यासाठी उघडलं. कायद्याने कोण बरोबर यात मी पडत नाही, निकाल लागलाय. माझं म्हणणं एवढंच की ज्या पोरांनी मोसमभर मॅच खेळल्या त्यांना आपण वर गेलो की नाही हे वकिलांच्या ईमेलवरून कळलं. शेफील्डच्या पोरांना निदान वॉटसनच्या बुटातून सुटलेला बॉल डोळ्यांनी दिसला.

इंग्लंडात असं कधी झालंच नाही असं मात्र समजू नका. १९९० ला स्विंडनने फायनलमध्ये संडरलँडला (परत तेच, काय करणार, प्लेऑफ म्हटलं की हे येतातच) १-० ने हरवलं आणि नंतर खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याच्या प्रकरणात त्यांचं प्रमोशनच काढून घेतलं. वर कोण गेलं? हरलेलं संडरलँड, जे लीगमध्ये सहावं होतं. आणि तिसरं आलेलं, सेमीत त्याच संडरलँडकडून हरलेलं, शेजारचं न्यूकॅसल बघत बसलं. पुढच्याच वर्षी संडरलँड परत खाली आलं तेव्हा न्यूकॅसलमध्ये काय आनंद झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

आपल्याकडे प्लेऑफ आणायची तर आधी शिडी पाहिजे. २०१६ ला साळगावकर आणि स्पोर्टिंग, मग धेंपो, हे गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले ते याच मुद्द्यावर, की आयएसएल वर ठेवून वर चढायचा रस्ताच नसेल तर खेळायचं कशासाठी. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला धेंपो! पुढे २०२२-२३ ला पंजाब आणि त्यानंतर मोहमेडन असे प्रमोट झाले खरे, पण दर वर्षी एकच जागा, तीही कधी मिळेल कधी नाही. दोन जागा ठेवा, एक थेट आणि दुसरी प्लेऑफवर, फायनल फातोर्ड्याला घ्या, आणि बघा गर्दी. शिक्षेचे निर्णय मात्र प्लेऑफच्या आधी लागायला पाहिजेत, नाहीतर आपलं पण स्विंडन होणार.

"बारा वर्षांचा भाचा फक्त रील्स बघतो. त्याला एकच प्लेऑफ फायनल दाखवायची तर कुठली?" (एक मावशी, पेडणे)

मावशी, १९९९ ची मँचेस्टर सिटी आणि जिलिंगहॅम, तिसऱ्या डिव्हिजनची. हो, आजची सिटी तेव्हा तिसऱ्यात होती, हे आधी त्याला सांगू नका. ८१ व्या आणि ८७ व्या मिनिटाला जिलिंगहॅमचे गोल, २-०, सिटीचे प्रेक्षक उठून बाहेर जायला लागले. ९० व्या मिनिटाला हॉरलॉकने एक परत केला, आणि ९५ व्याला पॉल डिकॉव्हने बरोबरी केली. समोर किपर व्हिन्स बार्ट्रम, डिकॉव्हच्या लग्नात त्याचा बेस्ट मॅन होता तो! मग पेनल्टीवर सिटी ३-१.

वेळ नसेल तर ८० व्या मिनिटापासून लावा. फोन तेवढा आधी काढून घ्या.