फिट मोजता, तसा घासही बघा

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मल्यावर रडली नाही, अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. एमआरआयमध्ये मेंदूला मोठी इजा दिसली. अजून मान धरत नाही. झटक्यांची दोन औषधं चालू आहेत, तरी आठवड्यातून दोन-तीनदा मिनिटभराची फिट येते. सासूबाई कांदा हुंगवतात. प्रत्येक फिटनं मेंदू आणखी खराब होतो का? औषध वाढवायचं का? आणि ती किती वर्षं जगेल? सरळ कुणी सांगत नाही.
– एक आई, कागल तालुका

उत्तर : ताई, हा शेवटचा प्रश्न माझ्या ओपीडीत आया बहुतेक वेळा दाराशी जाऊन, परत वळून विचारतात. तुम्ही लिहून विचारलात, तर मीही सरळच सांगते.

आधी फिटचं. मिनिटभरात थांबणाऱ्या फिटनं आधीच्या इजेत मोठी भर पडते असं नाही. भीती असते ती लांबणाऱ्या फिटची. म्हणून फिट आली की घड्याळ बघा. लेकीला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. कांद्यानं फिट थांबत नाही, तेवढा वेळ मात्र जातो. सासूबाईंना घड्याळ बघायचं काम द्या, त्यांचीही घालमेल कमी होईल. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा मधे शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा द्यायचा आणि १०८ ला फोन करायचा. किती फवारे, ते वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

औषध वाढवण्याआधी एक विचारते : सध्याचा डोस तिच्या आजच्या वजनाचा आहे का? कितीतरी मुलं दीड वर्षापूर्वीच्या मापानंच औषध घेत असतात. तो बरोबर असेल, तर 'एकही फिट नको' या हट्टापायी तिसरं-चौथं औषध चढवण्याच्या मी विरोधात आहे. त्यातल्या काही औषधांनी मूल दिवसभर गुंगीत राहतं, लाळ वाढते, गिळणं बिघडतं. आणि अशा मुलांचं आयुष्य फिटपेक्षा गिळण्यावर जास्त ठरतं.

पन्हाळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याच्या फिट पूर्ण थांबल्या होत्या, तरी एका पावसाळ्यात तीनदा न्यूमोनियानं ॲडमिट झाला. शेवटी आईला म्हटलं, माझ्यासमोर भरवा. तिनं त्याला मांडीवर आडवा घेतला आणि वाटीनं पातळ दूध ओतलं. दूध थोडं थोडं श्वासनळीत जात होतं. मग पाठीला आणि दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या 'कोपऱ्याच्या खुर्चीत' टेकवून, मान किंचित पुढे ठेवून, दुधाऐवजी नाचणीची दाटसर खीर लहान चमच्यानं सुरू केली. पुढच्या पावसाळ्यात एकदाच ॲडमिट करावं लागलं. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही; काहींना पोटातून नळी घालावी लागते. आया त्याला हार समजतात. मी समजत नाही, कारण त्यानं मूल पोटभर जेवतं.

आता वर्षांचं. साडेतीन वर्षांची झाली तरी मान धरत नाही, म्हणजे ती स्वतः चालेल अशी आशा मी देणार नाही. वर्षांचा आकडा कुणालाच सांगता येत नाही. अशी काही मुलं लहानपणीच छातीच्या आजारानं जातात. गिळणं सांभाळलं, वजन राखलं, तर कित्येक वयात येतात; माझ्याकडे एकोणीस वर्षांचा एक जण आहे, आईचा आवाज आला की हसतो. खुब्याचा एक्स-रे मात्र दरवर्षी काढा. खुबा सरकला तर दुखतो, आणि दुखण्यानंही फिट वाढल्यासारख्या वाटतात.

खर्चासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा. १९९९ च्या कायद्यानं झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे, तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंत विमा मिळतो आणि थेरपीचाही काही खर्च निघतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मोबाईलवर दोन व्हिडिओ न्या : एक फिटचा, एक तुम्ही तिला भरवतानाचा. दुसरा आधी दाखवा.