सहभागींच्या यादीत कोणाचे नाव येते

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पोलंडमधील कातोवित्से शहरातल्या प्रशिक्षण संस्थेत युरोपीय सामाजिक निधीच्या, म्हणजे रोजगार, प्रशिक्षण आणि सामाजिक समावेशन यांसाठी असलेल्या युरोपीय संघाच्या निधीच्या, प्रकल्पावर तू रुजू झालीस, याचा मला मनापासून आनंद झाला. आता काही आठवडे तुझ्यापुढे नियमावल्या, निकष आणि तक्ते यांचा ढीग येत राहील. तो वाचताना प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारत जा: हा नियम कोणाला आत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो? या क्षेत्रात आयुष्य घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की अशा प्रकल्पाचे बरेचसे यशापयश सहभागींची यादी तयार होते त्या टेबलावरच ठरून जाते.

याला इतिहासाचा आधार आहे. युरोपीय आर्थिक समुदाय उभा करणाऱ्या १९५७ च्या रोम तहाने हा निधी स्थापन केला, तेव्हा दक्षिण इटलीतील बेरोजगारीचा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. बेरोजगार कामगाराला नवा व्यवसाय शिकवण्याचा निम्मा खर्च निधीतून परत मिळणार होता, मात्र तो कामगार त्या नव्या व्यवसायात किमान ६ महिने कामावर राहिल्यावरच. पैसा वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. प्रत्यक्षात मात्र ज्या देशांत प्रशिक्षणाची आणि नोकरीला लावण्याची यंत्रणा आधीपासून भक्कम होती, त्यांना ही परतफेड मिळवणे सोपे गेले आणि जिथे ती यंत्रणाच दुबळी होती तिथे गरज मोठी असूनही निधीचा पैसा कमीच पोचला. १९७१ च्या सुधारणेने आधी खर्च आणि मागाहून परतफेड या पद्धतीऐवजी प्रकल्पांना आगाऊ मंजुरी देण्याची पद्धत आणली, आणि १९८८ च्या सुधारणेनंतर मागास प्रदेशांवर भर देणारे बहुवार्षिक कार्यक्रम सुरू झाले. नियम बदलला की लाभ घेणारी माणसेही बदलतात, हे तुला या इतिहासात स्पष्ट दिसेल.

आजचा निधी २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ९९ अब्ज युरोंचा आहे. सदस्य देशांनी त्यातील किमान २५ टक्के रक्कम सामाजिक समावेशनावर खर्च करायची आहे. दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या प्रदेशांत प्रकल्पखर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भार निधी उचलतो, आणि कातोवित्से ज्यात येते तो तुझा सिलेशिया प्रांत याच गटात मोडतो. तू महाराष्ट्रात वाढलीस, म्हणून एक फरक आधीच सांगून ठेवते. आपल्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्या ग्रामीण माणसाला कामाचा हक्क दिला. युरोपीय सामाजिक निधी कोणा एका माणसाला असा हक्क देत नाही; तो संस्थांच्या प्रकल्पांना पैसा देतो आणि त्या प्रकल्पात कोणाला घ्यायचे हे बऱ्याच अंशी त्या संस्थेवर सोपवतो. म्हणूनच तुझ्या टेबलावर येणारी जबाबदारी मोठी आहे.

सिलेशियात ही निवड विशेष नाजूक आहे. १९९८ नंतरच्या खाण-पुनर्रचनेत हजारो कामगारांनी एकरकमी भरपाई घेऊन खाण सोडली, आणि नवे काम शिकण्याच्या वाटेला त्यांतले फार थोडे गेले. २०२१ च्या सामाजिक करारानुसार पोलंडमधील दगडी कोळशाच्या खाणी २०४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद व्हायच्या आहेत. खाणकामगारांच्या संघटना बळकट असल्यामुळे त्यांनी आपल्या सभासदांसाठी हमी मिळवल्या, आणि ते योग्यच झाले. पण खाणीभोवती जगणारी माणसेही आहेत: दुरुस्तीचे कंत्राट घेणाऱ्या लहान कंपन्यांतले कामगार, उपाहारगृहात आणि साफसफाईला असलेल्या बायका, नवऱ्याच्या पगारावर घर चालते म्हणून कधीच नोकरी न शोधलेल्या गृहिणी. कोळशावर अवलंबून असलेल्या प्रदेशांना बदलात मदत करणाऱ्या युरोपीय न्याय्य संक्रमण निधीचा मोठा वाटा या प्रांताला मिळाला आहे आणि तो पुनर्प्रशिक्षणासाठी वापरता येतो. परंतु ही माणसे आपण होऊन तुझ्या कार्यालयात येणार नाहीत. एकामागून एक खाणी बंद पडलेल्या, याच प्रांतातल्या बितोमसारख्या शहरात तूच जा, आणि नुसत्या रोजगार कार्यालयाच्या यादीवर विसंबू नकोस, कारण त्या यादीत नोंद नसलेलेच लोक सर्वांत मागे पडलेले असतात.

आता प्रवेश-अर्जाकडे वळते, कारण तिथे सर्वाधिक काळजी हवी. सहभागी व्यक्ती प्रकल्पात येताना तिची स्थिती नोंदवावी लागते: नोकरीत, बेरोजगार, दीर्घकालीन बेरोजगार, की काम न शोधणारी. नियमाने ठरवलेल्या मुदतीहून अधिक काळ सलग बेरोजगार असलेली व्यक्ती दीर्घकालीन बेरोजगार धरली जाते. घाईत सगळ्यांच्या नावापुढे सरसकट ‘बेरोजगार’ असे भरले जाते. असे मुळीच होऊ देऊ नकोस. दहा वर्षे घराबाहेर काम न केलेली आणि काम शोधतही नसलेली बाई प्रशिक्षणानंतर नोकरी शोधू लागली, तर निधीच्या समान निर्देशकांत, म्हणजे सर्व देशांसाठी सारख्याच असलेल्या मोजमापांत, तो स्वतंत्र परिणाम म्हणून धरला जातो. पण तिची सुरुवातीची नोंद खरी असेल तरच. चुकीच्या नोंदीमुळे तिची खरी प्रगती अहवालात शून्य दिसते, आणि पुढच्या वेळी संस्थेला वाटते की अशा बायकांना घेऊन काही हाती लागत नाही. प्रत्येक अर्ज समोर बसून, विचारून भर, आणि प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच भर.

खर्चाच्या नियमांचीही हीच गोष्ट आहे. दोन लाख युरोंपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांत आता बहुधा पावत्यांऐवजी ठरावीक दराने खर्च मंजूर होतो. कागदांचा भार त्यामुळे हलका झाला, आणि लहान संस्थांना तो दिलासा हवाच होता. मात्र दर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या व्यक्तीमागे ठरला असेल, तर मध्येच सोडून जाणाऱ्यामुळे नुकसान संस्थेचे होते, आणि मग जो शेवटपर्यंत टिकेल अशी खात्री आहे त्यालाच घेण्याकडे कल होतो. आजारी आईची शुश्रूषा करणारा, कर्जाच्या वसुलीने गांजलेला, तुरुंगातून नुकताच सुटलेला माणूस हळूच यादीतून वगळला जातो. कोणी दुष्टपणाने असे करत नाही. हिशेबच तसे करायला लावतो. त्यामुळे अंदाजपत्रक तयार होतानाच टप्प्याटप्प्याने पैसे मिळतील असा दर माग आणि गळतीचा वाजवी अंदाज उघडपणे मांड.

लोक प्रशिक्षण का सोडतात, हेही नीट तपास. बहुतेक वेळा शिकण्यातली अडचण हे कारण नसते. वर्ग आठला सुरू होतो आणि पाळणाघर आठलाच उघडते. शेवटची बस वर्ग संपण्याच्या आधीच निघून जाते. प्रवासखर्च, मुलांच्या सांभाळाचा खर्च आणि प्रशिक्षणभत्ता हे सहभागींसाठी धरता येणारे खर्च आहेत, तरीही प्रस्तावात काटछाट करताना पहिली कात्री त्यांनाच लागते. माझे ऐकशील तर प्रशिक्षकाचे दोन तास कमी कर, पण बसचे पैसे कापू नकोस.

सहभागी प्रकल्पातून बाहेर पडल्यानंतर ६ महिन्यांनी नोकरीत आहेत का, हेही पाहिले जाते. १९५७ चा तो ६ महिन्यांचा काळ आजही टिकून आहे, फक्त आता त्यावर परतफेड अडून राहत नाही. त्यासाठी फोन करशील तेव्हा मध्येच सोडून गेलेल्यांनाही फोन कर. अहवालात त्यांच्यासाठी रकाना नसला, तरी पुढच्या प्रस्तावासाठी सर्वांत उपयोगी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

ही माहिती संस्थेच्या कपाटात पडून राहू देऊ नकोस. प्रत्येक कार्यक्रमाला एक संनियंत्रण समिती असते. प्रकल्पांच्या निवडीचे निकष तीच मंजूर करते, आणि भागीदारीच्या तत्त्वानुसार तिच्यात स्वयंसेवी संस्थांनाही स्थान असते. तुमच्या भागातील संस्थांचा प्रतिनिधी कोण आहे ते शोधून काढ आणि कोणत्या निकषामुळे कोण वगळले गेले हे त्याला लेखी कळव. हे काम आत्ताच करणे गरजेचे आहे, कारण जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०२८ पासूनच्या काळासाठी असे अनेक निधी प्रत्येक देशाच्या एका राष्ट्रीय व प्रादेशिक योजनेत एकत्र आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. निर्णय राजधानीत एकवटले, तर बितोममधल्या एखाद्या गृहिणीचा आवाज तिथवर पोचवणे आजच्यापेक्षा अवघड होईल, अशी मला खरोखर चिंता वाटते.

तुमच्या नव्या प्रस्तावातला सहभागींच्या निवडीचा भाग तयार झाला की मला पाठव. मी तो ओळीन् ओळ वाचून कळवीन.

तुझी शुभचिंतक